खळ, माती आणि जस्त

भिवंडी गांवांत मृगाचा पाऊस सुरू झाला म्हणजे कापडाच्या गुदामांतून एक विशिष्ट वास येऊं लागतो. कुबट, किंचित् आंबूस, ओल्या भिंतीच्या पोपड्यांची आठवण करून देणारा असा हा वास मागवाल्यांस व व्यापाऱ्यांस चांगलाच परिचयाचा असतो. कारण त्याच्या पाठोपाठ कोऱ्या मांजरपाटावर प्रथम पिवळसर, मग हिरवट आणि शेवटीं काळे ठिपके उमटतात. काळे ठिपके धुऊन जात नाहींत. ज्या ताग्यावर ते पडले तो तागा ठरल्या भावानें कोणी घेत नाहीं, आणि तोटा शेवटीं बहुधा ज्याच्या हातीं सर्वांत कमी भांडवल त्याच्याच वांट्यास येतो. कामवारी नदीच्या कांठचें हें गांव कोंकणच्या पर्जन्यपट्ट्यांत वसलेलें आहे. वर्षाकाठीं सुमारें शंभर इंच पाऊस येथें पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. अशा हवेंत लाखों यंत्रमाग चालावेत आणि त्यांवरचें कापड कोरडें राहावें, ही अपेक्षा करणेंच धाडसाचें आहे.

बुरशी मूळ कापसावर फारशी भाळत नाहीं. ती भाळते ती सुतास चढविलेल्या खळीवर. मागावर ताणलेल्या उभ्या सुतास, म्हणजे ताण्यास, फणीचें घर्षण हजारों वेळां सोसावें लागतें. नुसतें सूत तें सोसूं शकत नाहीं. त्याचे तंतू विसकटतात आणि धागा तुटतो. म्हणून विणण्यापूर्वीं ताण्यास कांजी पाजून तो ताठ व गुळगुळीत करावा लागतो. हातमागाच्या काळांत साळी, कोष्टी व मोमीन विणकर पहांटेच्या वेळीं गल्लींत ताणा पसरीत, धान्याच्या पिठाची कांजी कुंच्यानें त्यावर फिरवीत आणि कोवळ्या उन्हांत तो वाळवीत. ह्या कामास पांजणी हें जुनें नांव आहे. पांजणी हें सबंध घराचें काम असे. बायकामुलेंही कुंचा धरीत व तुटलेले धागे सांधीत. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानांतून मोमीन विणकरांचीं जीं कुटुंबें दक्षिणेकडे आलीं, त्यांपैकीं कांहीं मालेगांवास, कांहीं मुंबईच्या मदनपुऱ्यांत आणि कांहीं भिवंडीस स्थायिक झालीं, व आपल्याबरोबर ही विद्या घेऊन आलीं.

पुढें विसाव्या शतकांत विजेचे माग आले. मुंबईच्या गिरण्यांनीं काढून टाकलेले जुने माग भिवंडीच्या पत्र्याच्या छपरांखालीं नव्यानें फिरूं लागले. आणि १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या गिरणी-संपानंतर तर मुंबईचें विणकाम मोठ्या प्रमाणावर ह्या गांवाकडे वळलें. गल्लींतली पांजणी लोपली आणि तिची जागा वाफेवर चालणाऱ्या कारखान्यांनीं घेतली. भिवंडींत त्यांस नुसतें 'सायझिंग' म्हणतात. तेथें मक्याच्या, टॅपिओकाच्या किंवा चिंचोक्याच्या पिठाच्या उकळत्या खळींतून हजारों धागे एकदम बुडवून काढतात, तापलेल्या सिलिंडरांवर वाळवितात आणि बिमावर गुंडाळून मागवाल्याकडे धाडतात. खळ बदलली, यंत्र बदललें. परंतु पिष्ट म्हणजे बुरशीचें पक्वान्न, हें कांहीं बदललें नाहीं.

पिष्टावरील बुरशीचा हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर प्रथम उभा राहिला तो हिंदी बाजाराकरितां विलायतेंत विणलेल्या कापडावर. एकोणिसाव्या शतकांत मुंबई बंदरांत उतरून कोंकणापासून वऱ्हाडापर्यंतच्या पेठांत जाणारें कोरें शर्टिंग इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यांतून येई. तें वजनावर ओळखलें जाई. 'सव्वाआठ पौंडी शर्टिंग' ही तर बाजाराची ठरलेली परिभाषाच होऊन बसली होती. वजन जास्त तें कापड टिकाऊ, असा गिऱ्हाइकाचा स्वाभाविक समज. ह्या समजाचा फायदा घेण्याची संधि दोन युद्धांनीं आणून दिली. १८५४ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धांत चरबी महाग झाली. खळीस मृदुपणा यावा म्हणून ती घालीत असत. तिच्या जागीं चिनी माती घालून पाहिली आणि ती चालली. ही माती कॉर्नवॉलमध्यें अठराव्या शतकांत विल्यम कुकवर्दी यानें शोधून काढली होती, ती चिनी धर्तीचीं भांडीं घडविण्यासाठीं. पुढें १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवींत तिकडील कापूस येईनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांस 'सुरती' नांवानें ओळखल्या जाणाऱ्या आंखूड धाग्याच्या हिंदी कापसावर भागवावें लागलें. आंखूड धाग्यास खळ जास्त लागे. आणि कापूस महाग, माती स्वस्त! युद्ध संपलें, कापूस पुन्हां स्वस्त झाला, परंतु माती गेली नाहीं. तिची चटक लागली. 'जड खळी'च्या कापडांत ताण्याच्या सुताच्या वजनाइतकी, कधीं कधीं त्याहूनही अधिक खळ असे. म्हणजे वऱ्हाडांतील शेतकऱ्यानें पदरचे पैसे मोजून घेतलेल्या पौंडांत कॉर्नवॉलच्या डोंगराचाही वांटा असे, आणि तो पहिल्या कांहीं धुण्यांतच ओढ्यांतून वाहून जाई.

मातीनें आणखी एक संकट आणलें. तिनें जड झालेला धागा कोरड्या हवेंत ठिसूळ होतो. माती गळते व धागा तुटतो. म्हणून माग-शाळांत वाफ सोडून हवा ओली ठेवूं लागले. विणकर दिवसभर त्या वाफेंत भिजत आणि उडालेली माती छातींत घेत. टॉडमॉर्डन येथील विणकरांनीं ह्याविरुद्ध तक्रार केली. तिची चौकशी करून डॉ. जॉर्ज बुकॅनन यांनीं १८७२ सालीं अहवाल दिला. कायदा मात्र १८८९ सालीं, म्हणजे सतरा वर्षांनीं झाला. आणि त्यानेंही माती बंद केली नाहीं, हवेंतील ओलीची मर्यादा तेवढी ठरवून दिली. हिंदी गिऱ्हाइकाची फसवणूक आणि इंग्रज विणकराचा खोकला हीं एकाच कढईंतून निघालीं होतीं, ही गोष्ट त्या काळच्या फारच थोड्या लोकांच्या ध्यानांत आली असेल.

ओल टिकावी म्हणून खळींत मॅग्नेशियम क्लोराइडसारखे पाणी शोषून घेणारे क्षारही घालीत. पिष्ट आणि ओल अशीं दोन्ही एकत्र आल्यावर, जहाजाच्या अंधाऱ्या उबदार पोटांत, तिसऱ्या पाहुण्यास वेगळें आमंत्रण देण्याची गरज नव्हती. हिंदुस्थानच्या बंदरांत गांठी फोडल्या म्हणजे आंत बुरसटलेलें कापड निघूं लागलें. भरपाईचे तंटे मँचेस्टरपर्यंत गेले, आणि त्या तंट्यांच्या निमित्तानें विणकराच्या खळीकडे रसायनशास्त्रज्ञांनीं सूक्ष्मदर्शक यंत्र वळविलें. विल्यम थॉम्सन यांचा सुताची खळ व बुरशीचीं कारणें ह्या विषयावरील ग्रंथ १८७७ सालीं, आणि डेव्हिस, ड्रायफस व हॉलंड ह्या तिघांचा त्याच विषयावरील ग्रंथ १८८० सालीं मँचेस्टरला प्रसिद्ध झाला.

बुरशीवरचा उपाय आरमाराकडून आला. ब्रिटिश आरमाराच्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख सर विल्यम बर्नेट यांनीं लांकूड, दोर व शिडाचें कापड कुजूं नये म्हणून जस्ताच्या क्लोराइडचें पेटंट १८३८ सालीं घेतलें होतें. तोच क्षार आतां खळींत घालण्यांत येऊं लागला. अशा रीतीनें चिनी माती व जस्त हीं दोन द्रव्यें विणकराच्या कढईंत एकत्र आलीं. हा योग जुळविणारांच्या मनांत कोणाच्या आरोग्याचा विचार नव्हता. वजनासाठीं घातलेल्या मातीचें व ओलीचें पाप झांकण्यासाठीं जस्त आलें. तें पुरतें झांकूंही शकलें नाहीं. हा क्षार पाण्यांत विरघळणारा. तो स्वतःच हवेंतील पाणी पिऊन पातळ होतो आणि कापडास दमट ठेवतो. शिवाय कापडावरची लव जाळण्यासाठीं तें तापलेल्या पत्र्यावरून नेलें म्हणजे त्या क्षारांतून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटून धागाच कुजका होई. म्हणजे बुरशीपासून वांचलेलें कापड औषधानेंच मरे.

कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत कापड-गिरणीची कंपनी स्थापिली, आणि पुढील तीस-चाळीस वर्षांत मुंबईचा धंदा मँचेस्टरशीं झुंजूं लागला. आपलें कापड विलायतीपेक्षां कमी मातीचें, हें ह्या झुंजींतील मुंबईकरांचें एक हत्यार होतें. तथापि मुंबईच्या गिरण्याही चिनी मातीस अगदींच पारख्या राहिल्या असें नाहीं. धोब्याच्या दगडावर सर्वांची परीक्षा सारखीच होई. जस्ताच्या क्षाराबरोबर पुढें दुसरीं औषधेंही आलीं. १९३० सालीं मँचेस्टरजवळच्या शर्ले संशोधन-संस्थेंतून 'शर्लन' नांवाचें द्रव्य निघालें. त्यानंतर पेंटाक्लोरोफेनॉल आलें; तें स्वस्त होतें आणि बुरशीस हमखास मारी, परंतु मातींत, पाण्यांत आणि माणसाच्या शरीरांतही तें दीर्घकाळ टिकून राही. १९८९ सालीं जर्मनीनें त्यास बंदी केली, तेव्हां भारतीय कापडाच्या गांठींस पुन्हां एकदां परदेशच्या बंदरांत परीक्षा द्यावी लागली. शंभर वर्षांपूर्वीं बुरशी सांपडते काय म्हणून गांठी फोडीत. आतां बुरशीचें औषध सांपडतें काय म्हणून त्या तपासूं लागले.

मातीची अब्रू मात्र ह्या सर्व काळांत गेलेलीच होती. ती परत मिळवून दिली क्ष-किरणांनीं. अभ्रक आणि त्याचीं भावंडें शोभणारीं खनिजें यांची अंतर्गत रचना लायनस पॉलिंग यांनीं १९३० सालीं उलगडून दाखविली. चिनी माती म्हणजे अत्यंत पातळ पापुद्र्यांची चळत होय. एक पदर वाळूच्या द्रव्याचा, त्यावर एक पदर ॲल्युमिनियमच्या द्रव्याचा, अशी एक जोडी. तिची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. ह्या दहा लाखाव्या भागास नॅनोमीटर म्हणतात. दुसरी एक माती, माँटमोरिलोनाइट, हिच्यांत तीन पदरांचा एक थर असतो, आणि थराथरांमध्यें पाणी शिरलें म्हणजे ती फुगते. हें लांबलचक फ्रेंच नांव ऐकून मराठी माणसानें बिचकण्याचें कारण नाहीं. देशावरची काळी जमीन उन्हाळ्यांत हातभर भेगाळते आणि पावसांत फुगून चिकट होते, तें हिच्याच जातीच्या खनिजामुळें. कापूस ज्या मातींत पिकतो तीच ही माती. तिच्या थरांचा विस्तार विलक्षण आहे: एक तोळाभर शुद्ध माँटमोरिलोनाइटचे सर्व थर सुटे करून दोन्ही बाजूंनीं मोजले तर सुमारें दोन एकर क्षेत्र भरतें. कापडांत नुसतें वजन भरण्यासाठीं जी मातीची जात वापरली गेली, तिच्या पोटीं एवढें रान पडीक होतें.

जस्ताचीही दुसरी एक ओळख ह्या देशास जुनी आहे. उदेपूरजवळ जावर येथील खाणींत जस्ताच्या खनिजाची वाफ करून ती थंड करण्याची भट्टी मध्ययुगांत चालत होती. युरोपांत ही कृति अठराव्या शतकांत आली. 'रसरत्नसमुच्चय' ह्या रसशास्त्राच्या ग्रंथांत रसकापासून जस्त काढण्याचा विधि दिलेला आहे. जस्त जाळलें म्हणजे पांढरें, कापसासारखें हलकें भस्म उडतें. रसायनशास्त्रांत यास झिंक ऑक्साइड म्हणतात. हें भस्म पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, हवेंतील ओल पिऊन पातळ होत नाहीं, आणि तापविलें तरी आम्ल सोडीत नाहीं. म्हणजे क्लोराइडचे जे दुर्गुण ते ह्याच्यांत नाहींत. खाजेवर लावण्याचें गुलाबी कॅलामाइन लोशन घरोघर असतें. त्यांत मुख्य द्रव्य हेंच, आणि तें तळाशीं बसूं नये म्हणून ब्रिटिश औषधकोशाच्या कृतींत बेंटोनाइट, म्हणजे माँटमोरिलोनाइटचीच माती, घातलेली आहे. तेव्हां जस्ताचें भस्म व थरांची माती यांचा सलोखा औषधाच्या बाटलींत कधींच झाला होता. फक्त बाटलींत तीं शेजारीं शेजारीं राहत, एकमेकांस धरून नसत.

धरून ठेवण्याची कृति अलीकडची. मातीची पूड पाण्यांत कालवून तींत जस्ताचा ॲसिटेट किंवा नायट्रेट विरघळवितात. मातीच्या थरांवर ऋण विद्युद्भार असतो, आणि त्याचें समाधान करण्यासाठीं थरांमध्यें सोडियमसारखे धनभारित कण वस्तीस असतात. जस्ताचे धनभारित कण आंत शिरून त्यांस बाहेर काढतात व स्वतः तेथें बसतात. मग थेंब थेंब अल्क घालीत गेलें म्हणजे बसल्या जागींच जस्ताचे बीजकण धरतात. ते धुऊन, वाळवून, बेताच्या उष्णतेनें भाजले म्हणजे थरांवर व थरांच्या कडांवर जस्तभस्माचे, कांहीं दहा नॅनोमीटरांच्या मापाचे स्फटिक वाढतात. चिनी मातीवर भार फार थोडा. तिच्यावर हे कण मुख्यतः बाहेरच्या पृष्ठास व कडांस चिकटतात. मातीचा आधार नसेल तर इतके सूक्ष्म कण एकमेकांस बिलगून त्यांचे गोळे होतात आणि सूक्ष्मपणाचा फायदा हातचा जातो. माती येथें वजन भरीत नाहीं. ती कणांस एकमेकांपासून अंतरावर ठेवते.

सूक्ष्मपणाचा एवढा हव्यास कशासाठीं? जपानमध्यें सावाई व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९० च्या दशकांत दाखविलें कीं जस्तभस्म पाण्यांत कालविलें असतां त्याच्या पृष्ठावर हायड्रोजन पेरॉक्साइड उत्पन्न होतो. जखमा धुण्यासाठीं वापरतात तोच हा पदार्थ. यामामोटो यांनीं २००१ सालीं दाखविलें कीं कण जितका बारीक तितका त्याचा जंतूंवरील प्रभाव अधिक. कारण क्रिया सारी पृष्ठावर, आणि बारीक केलें कीं पृष्ठ वाढतें. शिवाय भस्मांतून जस्ताचे भारित कण अल्प प्रमाणांत सुटत राहतात व तेही जंतूस बाधतात. बुरशी मात्र जंतूंपेक्षां चिवट. तिच्यासाठीं मात्रा अधिक लागते.

ह्या विद्येचा सुतास स्पर्श मुंबईंतच झाला. माटुंग्यास १९२४ सालीं इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीनें कापसाची एक प्रयोगशाळा स्थापिली. तीच आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था ह्या नांवानें चालते. २००६ सालीं तेथील संशोधकांनीं सुती कापडावर जस्तभस्माचे सूक्ष्म कण बसविल्याचें वृत्त प्रसिद्ध केलें. कणांचें माप सुमारें ३८ नॅनोमीटर होतें. कापसाच्या एका तंतूच्या रुंदींत असे कांहीं शेंकडे कण ओळीनें मावतील. फोड व गळवें उत्पन्न करणारा स्टॅफिलोकोकस आणि फुप्फुसदाहाचा क्लेब्सिएला अशा दोन्ही जंतूंवर त्या कापडाचा उत्तम प्रभाव दिसला, आणि उन्हांतील अतिनील किरणही त्यानें अडविले. ह्या प्रयोगांत कणांस आधार मातीचा नव्हता. कण एकमेकांस चिकटूं नयेत म्हणून संशोधकांनीं जें द्रव्य वापरलें तें होतें पाण्यांत विरघळणारें पिष्ट. ज्या खळीनें बुरशीस दीडशें वर्षें पोसलें, तिच्याच अंगावर जंतुघ्न वाढविण्यांत आलें.

तरीही माटुंग्याहून भिवंडीस जाणारी वाट सरळ नाहीं. माटुंग्याचें कापड धुऊन, शुभ्र करून, तयार झाल्यावर त्यावर जस्त चढविलें होतें. भिवंडींतील बुरशी तयार कापडावर येत नाहीं. ती कोऱ्या, खळ असलेल्या कापडावर येते, आणि कोरें कापड गुदामांतून निघून रंगशाळेंत गेलें कीं पहिली क्रिया होते ती खळ काढण्याची. खळीबरोबर खळींत घातलेलें सर्व कांहीं जातें. पांजणीची कांजी गल्लींतल्या मातींत जिरे. यंत्रयुगांतील खळ हौदांतून गटारांत, गटारांतून कामवारी नदींत आणि पुढें खाडींत जाते. माणसाच्या कातडीस सौम्य असलेलें जस्तभस्म पाण्यांतील शेवाळास व बारीक कवचधारी जीवांस सौम्य नसतें. युरोपांतील नियमांत त्याची गणना जलचरांस अतिशय विषारी अशा पदार्थांत केलेली आहे. मातीच्या थरांस बांधलेलें जस्त सुट्या क्षारापेक्षां सावकाश सुटतें आणि गाळाबरोबर तळाशीं बसतें, हा ह्या नव्या योगाचा एक गुण खरा. परंतु गाळ म्हणजे खाडीच्या तळाचें शेत, आणि कोळ्याच्या जाळ्यांतील पुष्कळशी जिवंत दौलत त्याच शेतावर चरत असते. जस्त किती घालावें लागेल हा प्रश्न म्हणूनच रंगशाळेंतील हौदाच्या तोंडाशीं विचारावा लागतो, कढईपाशीं विचारून भागत नाहीं. रंगशाळेंतील पाणी नीट शुद्ध झालें आणि गाळ वेगळा काढला, तर मात्र थरांना धरून बसलेलें जस्त त्या गाळांतच सांपडेल. क्लोराइडच्या बाबतींत ही सोय कधींच नव्हती.

तोंवर भिवंडींतील गुदामवाला आपल्या जुन्या रीतीनें चालतो. बीम पुरता वाळल्याखेरीज तो घेत नाहीं, तागे भिंतीपासून हातभर सोडून लांकडी फळ्यांवर रचतो, आणि श्रावणांत ऊन पडलें कीं गुदामाचे दोन्ही दरवाजे सताड उघडे टाकतो.